छेदातला क्ष

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला आमच्या बाहेरच्या खोलीत पेन्सिलींचा एक आवाज सुरू होतो. लिहिण्याचा नाही, खोडण्याचा. तिरकी रेघ, पुन्हा तिरकी रेघ, मग एक सुस्कारा. अपूर्णांकांचं समीकरण फळ्यावर पडलं की दहावीची पोरं आधी छेदांवर तुटून पडतात. "खालचं सगळं गेलं, आता सोपंय," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत असतो. खाली जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मेट्रोच्या कामाची धडधड चालू असते, आणि कंपन्यांच्या गाड्या जनरल शिफ्टची माणसं टिळक चौकात उतरवून पुढे निघालेल्या असतात.

मी निगडीत घरीच गणिताचे वर्ग घेते. मुलं मला काकू म्हणतात, कारण निम्मी आमच्याच सोसायटीतली आणि उरलेली त्यांच्या ओळखीची. इथे पत्तासुद्धा आकड्यांत सांगायची रीत आहे: सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, त्याने माळावर रेघा मारून हे सेक्टर पाडले. २०२१ मध्ये ते प्राधिकरण बरखास्त झालं, पण रिक्षावाल्याला आजही 'प्राधिकरणात चला' असंच सांगावं लागतं. भाग पाडणारा गेला, भाग राहिले. अशा ठिकाणी अपूर्णांक शिकवायला मला बरं वाटतं, का ते नीट सांगता येणार नाही.

छेदात नुसते आकडे असतील तर छेद घालवण्यात काही धोका नसतो. खाली २, ३ आणि ६ असले की त्यांचा लसावि ६, दोन्ही बाजूंना ६ने गुणायचं, समीकरण मोकळं. सहा म्हणजे सहाच, तो मध्येच बदलत नाही. गोष्ट बिघडते ती क्ष स्वतः खाली जाऊन बसला की. तेव्हाही मुलं त्याच उत्साहाने दोन्ही बाजूंना छेदाने गुणतात, पण आता ज्याने गुणतोय ते किती आहे हे आपल्यालाच ठाऊक नसतं. मोठं असेल, लहान असेल, उणे असेल. शून्यही असेल. आणि शून्याने गुणलं की पाच आणि सात यांच्यातलंही भांडण मिटतं, दोन्हीकडे शून्य.

म्हणून दर वर्षी मी फळ्यावर हे एक समीकरण लिहिते आणि गप्प बसते:

क्ष/(क्ष − ३) = २ + ३/(क्ष − ३)

मुलं खूश होतात. दोन्ही छेद एकच, लसावि काढायचीही गरज नाही. सगळीकडे (क्ष − ३)ने गुणलं की डावीकडे क्ष, उजवीकडे २(क्ष − ३) + ३, म्हणजे २क्ष − ३. पक्षांतर केलं की क्ष = ३. तीन ओळींत उत्तर, खाली दोन रेघा, पेन्सिल टेबलावर. मग मी म्हणते, "आता ताळा बघा." ताळा पाहायला कुणाचा हात उत्साहाने वळत नाही, कारण त्याला मार्क नसतात. तरी एखादी मुलगी तीन ही किंमत मूळ ओळीत घालते आणि थबकते. डावीकडे तीन भागिले शून्य. उजवीकडेही तीन भागिले शून्य. दोन्हीकडे सारखंच आलंय म्हणून बरोबर, असं एक मुलगा दर वर्षी सुचवतो. मुलगा बदलतो, सूचना तीच.

"मग उत्तर काय?"

"उत्तर नाही."

"पण आलं की!"

या 'आलं की'पुढे मी बऱ्याचदा निरुत्तर होते. एकही पायरी चुकलेली नाही, चिन्ह चुकलेलं नाही, गुणाकार चुकलेला नाही, आणि हाती आलेला तीन या समीकरणाचा कुणीच लागत नाही. तो मूळ ओळीत नव्हता. आपण (क्ष − ३)ने गुणलं तेव्हा तो आत आला. रीत आपलं काम चोख करते आणि तरीही तिने आणलेलं प्रत्येक उत्तर मूळ ओळीपुढे नेऊन उभं करावं लागतं. मूळ ओळ मात्र मुलांनी एव्हाना विसरलेली असते. काहींनी तर तिरक्या रेघा इतक्या जोरात मारलेल्या असतात की ती वाचताही येत नाही.

माझ्या सासऱ्यांना, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. ते जुन्या मराठी शाळेतले, पुढे पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ होत्या. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. सात औट साडेचोवीस हे ते अशा सहजतेने म्हणायचे की तशी आपल्याला सात साते एकोणपन्नास म्हणतानाही येत नाही. भाजीवाली ३६ रुपये किलोचा वाटाणा पाऊण किलो तोलत असायची, तोवर अण्णांच्या मुठीत २७ रुपये मोजून तयार. त्यांच्या पिढीला अपूर्णांक ही पूर्णांकाची मोडतोड वाटत नसे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा ही सगळी घरातली माणसं. प्रत्येकाला स्वतःचं नाव, प्रत्येकाचा स्वतंत्र पाढा. आजच्या मुलांना पाऊण म्हटलं की आधी ०.७५ आठवतं, मग ती कॅल्क्युलेटरकडे बघतात. पाढे गेले याचं मला फारसं दुःख नाही, पण सव्वा आणि दीड यांच्याशी जी सलगी होती ती त्यांच्याबरोबर गेली हे खरं.

तर अण्णा शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचता वाचता एखाद्या पोराच्या वहीत डोकावायचे आणि म्हणायचे, "क्ष वर आहे तोवर ठीक आहे. खाली कशाला नेऊन बसवलाय त्याला?"

मला त्यांचं म्हणणं कळायचं. क्षचा पाचवा हिस्सा डोळ्यांपुढे आणता येतो. पोळी केवढी आहे माहीत नाही, पण खाणारे पाच आहेत, म्हणजे वाटणी ठरलेली. पाच भागिले क्ष म्हणजे पोळ्या पाच आहेत आणि पंगतीला किती माणसं येणार ते ठाऊक नाही. एक आला तर चैन, दहा आले तर अर्धी अर्धी. जितके जास्त येतील तितकं ज्याच्या त्याच्या ताटात कमी. आणि कुणीच आलं नाही तर प्रत्येकाला किती, हा प्रश्न विचारायलाही माणूस उरत नाही. अण्णांच्या एकाही पाढ्यात हे बसत नव्हतं. साडेतीनचा पाढा असतो; कितीचा ते माहीत नाही असा पाढा कोण पाठ करणार?

क्ष वर की खाली, या वादाचा एक धागा माझ्या माहेराकडे जातो. माझं माहेर चाळीसगावचं. पिंपरी-चिंचवडमध्ये खानदेशातली माणसं इतकी आहेत की भाजी मंडईत अहिराणी कानावर आली तर वळून बघावंसंही वाटत नाही. चाळीसगावहून शाळेची सहल हमखास पाटणादेवीला जायची. गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला, डोंगराच्या कुशीत देवीचं देऊळ. तिथे आम्ही झऱ्यात पाय सोडून बसायचो, आणि माकडं आमचे डबे पळवायची. याच पाटणला १२०७ सालचा एक शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून मठ उभारला त्याचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या मठाला दिलेलं जमिनीचं उत्पन्न, असलं सगळं दगडावर कोरून ठेवलेलं. सहलीत हे आम्हाला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. डबे सांभाळा एवढंच सांगितलं जायचं.

भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. लीलावतीतले भुंगे पुष्कळांना माहीत असतात. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि उरलेला एकटा भुंगा केतकी आणि मालतीच्या वासांमध्ये घुटमळत राहिला. थवा पंधराचा निघतो. तिथे क्ष वरच आहे, अण्णांना चाललं असतं. पण त्याच पुस्तकात चार झरेही आहेत. एक झरा तलाव एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या हिश्शात, चौथा सहाव्या हिश्शात. चारही एकदम सोडले तर? इथे वेळा मिळवून उपयोग नाही. एका दिवसात कोण किती तलाव भरतो ते बघायचं: एक, दोन, तीन आणि सहा. मिळून बारा तलाव. म्हणजे एक तलाव भरायला दिवसाचा बारावा भाग, साठ घटकांच्या दिवसातल्या पाच घटका. वेळ खाली गेला, तलाव वर आला, आणि सगळं सरळ झालं. नळ आणि टाकीचं जे उदाहरण दहावीच्या पोरांना घाम फोडतं, ते निदान पावणेनऊशे वर्षं वाहतं आहे.

आमच्याकडे त्या उदाहरणाला फार ओळख करून द्यावी लागत नाही. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून शहरात जातं. आणि २०१९च्या नोव्हेंबरपासून ते दिवसाआड येऊ लागलं. तेव्हा शिशुवर्गात असलेल्या पोरांनाही व्हॉल्व्ह, मोटर, खालची टाकी, वरची टाकी हे शब्द अक्षरओळखीच्या आधी आले असतील. म्हणून मी टाकीचं उदाहरण घालते तेव्हा वर्गात सगळे एकदम सोसायटीचे सेक्रेटरी होतात.

दोन नळ मिळून टाकी ४ तासांत भरतात. मोठ्या नळाला एकट्याने जितके तास लागतात त्याहून लहान नळाला ६ तास जास्त लागतात. मोठ्याला क्ष मानू.

१/क्ष + १/(क्ष + ६) = १/४

छेद घालवले की वर्गसमीकरण येतं, क्ष² − २क्ष − २४ = ०, आणि त्याची मुळं दोन: ६ आणि −४. सहा घातला की मोठा नळ ६ तास, लहान १२ तास. सहावा भाग अधिक बारावा भाग म्हणजे पाव. ताळा जमला. मग सगळ्या वह्यांत एकच वाक्य उमटतं: 'परंतु वेळ ऋण नसतो, म्हणून क्ष = −४ ग्राह्य नाही.' गाइडमध्ये असंच असतं, उत्तरपत्रिकेतही असंच लिहायचं असतं, आणि मीही तसंच लिहायला सांगते.

पण हे −४ त्या आधीच्या तीनासारखं नाही. तीन मूळ समीकरणात जाऊच शकत नव्हता. हा जातो. घालून पाहा: उणे पाव, अधिक (−४ + ६) म्हणजे दोनाखाली एक, म्हणजे अर्धा. अर्ध्यातून पाव गेला, पाव उरला. उजवीकडे पावच आहे. समीकरणाची काही हरकत नाही. हरकत आपली आहे. ज्या नळाला टाकी भरायला उणे चार तास लागतात तो नळ टाकी भरतच नाही, तो चार तासांत रिकामी करतो. आणि दुसरा दोन तासांत भरतो. दोन्ही एकदम चालू ठेवले तर टाकी चार तासांत भरते! म्हणजे समीकरणाने आपण न विचारलेल्या एका गळक्या टाकीचंही उत्तर देऊन ठेवलेलं असतं, आणि आपण 'ग्राह्य नाही' लिहून पान उलटतो. एका उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीतही असाच एक उणे नळ निघाला. पाणी येत होतं, मोटर चालत होती, हिशेब मात्र जुळत नव्हता. प्लंबर टाकीच्या भिंतीला कान लावून बसला होता आणि कमिटी नळाच्या मीटरवर संशय घेत होती. मी −४ हे उत्तर तेव्हा कुणाला सांगितलं नाही. कमिटीच्या सभेत बीजगणित काढणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी खजिनदार करतात.

भास्कराचार्यांनीही असं एक उत्तर बाजूला काढलंय. माकडांचंच उदाहरण आहे ते. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली; एक फांदीवर चढलेलं दिसतं. कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, त्यातून तीन गेले सात, साताचा वर्ग ४९, आणि फांदीवरचं एक. पाचाचाही ताळा जमतो, पण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन माकडं उरतात. वर्ग केल्यावर ती चार होतात खरी, पण मधल्या पायरीवर त्यांचं काय करायचं? आचार्यांनी पाच हे उत्तर घेतलं नाही, आणि कारण दिलं ते मला फार आवडतं: उणे संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. गणित नाही म्हणत, असं ते म्हणत नाहीत. लोक नाही म्हणतात. एवढा मोठा गणिती शेवटी लोकांच्या पसंतीवर का थांबला असेल, हे कोडं मी अधूनमधून घोळवत असते. कदाचित शिकवणाऱ्याला कळत असतं की समोरची पोरं किती पचवू शकतील.

वर्गातल्या एका मुलाचे वडील रोज चाकणला जातात. पूर्वी या भागातल्या माणसांचं काम पिंपरी-चिंचवड-आकुर्डीत, सायकलच्या टप्प्यात असायचं. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं, त्याच्या अलीकडे-पलीकडे नव्या कंपन्या चाकणच्या पट्ट्यात उभ्या राहिल्या, आणि निगडीतल्या पुष्कळ घरांच्या दिवसात तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडून जायचा रस्ता शिरला. त्या रस्त्यावरची कोंडी हा आमच्याकडे हवापाण्याचा विषय आहे. मी मुलांना विचारलं, बाबा जाताना ताशी २० किलोमीटरने गेले. जाऊन-येऊन सरासरी ४० पडायला येताना किती वेगाने यावं लागेल?

"साठ!" एका सुरात.

अंतर किती, हे कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ते दोन्ही बाजूंनी उडून जातं. राहतं एवढंच: १/२० + १/क्ष = २/४०. उजवीकडे २/४० म्हणजे १/२०च. दोन्हीकडून १/२० गेलं की उरतं १/क्ष = ०. वर एक आहे, खाली काहीही घाला, ते शून्य होत नाही. साठने आले तर सरासरी ३० पडते, ऐंशीने आले तर ३२. विमानाने आले तरी ४० नाही. जाण्यायेण्याला मिळून जेवढा वेळ द्यायचा ठरला होता तो सगळा बाबांनी जातानाच तळवड्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी खर्च केला. मुलाने हे घरी जाऊन सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी वडील त्याला सोडायला आले तेव्हा दारातच म्हणाले, "काकू, हे मला रोज कळतं हो, पण सिद्ध करता येत नव्हतं."

आता एका लेथचं सांगते, छेदाचीच गोष्ट आहे. एका विद्यार्थिनीच्या आईवडिलांचं तळवड्याला छोटं वर्कशॉप आहे, चार सीएनसी मशिनं. खंडेनवमीला त्यांनी बोलावलं होतं. तीन मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, दारांवर कुंकवाची स्वस्तिकं काढून उभी होती. चौथ्यावर अर्जंट माल होता, म्हणून ते पूजेच्या वेळेपर्यंत चालूच होतं. काचेतून आत बघितलं तर चकमध्ये पोलादाची एक जाड चकती फिरत होती आणि टूल तिच्या कडेपासून मध्याकडे सरकत चेहरा साफ करत होतं. याला ते फेसिंग म्हणतात. पांढुरका कूलंट उडत होता, निळसर पडलेली बुरी, म्हणजे कापलेला धातू, वेटोळी होऊन खाली गळत होती. माझं लक्ष गेलं ते आवाजाकडे. टूल जसजसं आत सरकत होतं तसतसा मशिनचा सूर चढत होता. सारखा चढत होता, आणि टूल मध्यापासून बोटभर अंतरावर असताना एकदम चढायचा थांबला. टूल पुढे जातच होतं, सूर मात्र तिथेच.

ऑपरेटर मुलगा बीडकडचा, आयटीआय झालेला. त्याला विचारलं तर त्याने खिशातला मार्कर काढून पुठ्ठ्यावर सूत्र लिहिलं. फेरे बरोबर हजार गुणिले कापण्याचा वेग, भागिले पाय गुणिले व्यास. धातू एकाच वेगाने कापला जायला हवा, मिनिटाला १५० मीटर धरू. कडेला व्यास १०० मिलिमीटर असेल तर मिनिटाला ४७७ फेरे पुरतात. पन्नासला ९५५. पंचवीसला १,९१०. दहा मिलिमीटरवर ४,७७५. एक मिलिमीटर उरला की ४७ हजारांच्या वर. "आणि सेंटरला?" मी विचारलं. तो हसला. "सेंटरला चक उडून पत्र्याबाहेर जाईल, मॅडम. म्हणून आधी जी फिफ्टी टाकायचं, मग जी नाइन्टीसिक्स." जी नाइन्टीसिक्सने मशीन व्यास बघून फेरे वाढवत जातं, जी फिफ्टीने त्याला सांगून ठेवलेलं असतं की काही झालं तरी २,५००च्या वर जायचं नाही. हिशेब केला तर साधारण १९ मिलिमीटर व्यासाच्या आत सूत्र सोडून दिलेलं असतं. तिथून पुढे फेरे तेवढेच, कापण्याचा वेग उतरत जातो, आणि अगदी मध्यावर टूल कापत नाही, नुसतं घासतं. एखाद्या जॉबच्या मधोमध बारीक टोक राहतं ते त्यामुळेही.

मी घरी परत येईपर्यंत त्या थांबलेल्या सुराचाच विचार करत होते. छेद शून्याकडे निघाला की काय होतं, हे फळ्यावर मी इतकी वर्षं सांगत आले, पण ते ऐकू येतं हे माहीत नव्हतं. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्य खहर म्हणतात. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही. प्रलयकाळी भूतं आत गेली, सृष्टीच्या वेळी बाहेर आली, तरी अनंत अच्युतात काही फरक पडत नाही, तसं हे, असं त्यांनी म्हटलंय. आजचं गणित याला मान्यता देत नाही. शून्याने भागाकार अव्याख्येय, विषय संपला. पण पोरांना 'अव्याख्येय' म्हटलं की त्यांचे डोळे विझतात, आणि अच्युत म्हटलं तर परीक्षकाचे विझतील. मला आपलं वाटतं, बीडच्या त्या पोराने तिसरीच वाट सांगितली. तिथे जायचंच नाही. किती जवळ जायचं ते आधी, पहिल्याच ओळीत लिहून ठेवायचं, आणि मग खुशाल मशीन चालू करायचं. वहीत हेच 'क्ष ≠ ३' असं लिहायचं असतं, सोडवायला सुरुवात करण्यापूर्वी. आमच्या पोरांकडून ते गाळलं जातं. चकसमोर उभं राहिल्याशिवाय ही ओळ कुणाच्या हातून आपणहून उतरत नसावी.

त्या आठवड्यात मी मुलांना गृहपाठ दिला: टाकीचंच समीकरण घ्या, पण गोष्ट अशी रचा की −४ हे उत्तर ग्राह्य धरावं लागेल. बहुतेकांनी गळकी टाकी काढली. एकाने मोबाइलची बॅटरी काढली, चार्जरला लावून गेम खेळणारी. ती मला बरी वाटली. वर्कशॉपवाल्यांच्या मुलीने भिंत काढली. एक गवंडी भिंत दोन दिवसांत बांधतो. दुसरा माणूस तीच भिंत चार दिवसांत पाडतो. दोघेही एकाच वेळी कामाला लागले. भिंत चार दिवसांत उभी राहते, ताळाही तिने व्यवस्थित लिहिला होता, आणि त्याखाली एक प्रश्न: 'मालकाने चार दिवसांची मजुरी दोघांनाही द्यायची का?'

मी तो प्रश्न मोठ्याने वाचला आणि वर्ग माझ्या हातातून गेला. काम केलंय तर मजुरी मिळालीच पाहिजे, असं एका बाजूचं म्हणणं. काम उणे आहे तर मजुरीही उणे, म्हणजे उलट त्यानेच मालकाला पैसे द्यायला हवेत, असं दुसऱ्या बाजूचं. "पाडणाऱ्याला महापालिकेचा पगार असतो, त्याची काळजी नको," मागून कुणीतरी म्हणालं. बॅटरीवाल्याचं म्हणणं पडलं की गवंड्याने पहिले दोन दिवस एकट्याने काम करून घेतलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. भिंतवाली म्हणाली की मग पुढचे चार दिवस पाडणाऱ्याचेच, आणि सहाव्या दिवशी मालकाकडे काय उरलं? आठ वाजून गेले होते. चपला घालताना तेच चाललं होतं, लिफ्टपाशी तेच, आणि खाली वॉचमनने व्हॉल्व्ह उघडायला जाता जाता थांबून विचारलं की कोणती भिंत पाडतायत.